दोन थाऊ

वनखात्याच्या लिलावात घेतलेली जीप.
दारावरचं हरीण मी खरवडून काढलं,
तरी उन्हात तिरपं पाहिलं की शिंगं दिसतातच.
आठ वर्षं तिच्यातून बोअरच्या जागा शोधत हिंडले,
कुही, भिवापूर, काटोलच्या पलीकडे.
या मार्चपासून मात्र फोर-व्हील टाकलं की
पुढच्या डाव्या चाकात कुणीतरी
सुपारी फोडत बसतं.
कट्. कट्. थांबून, परत कट्.

कामठी रोडवर तिघांनी तीन आजार सांगितले.
चौथा म्हणाला, विकून टाका ना मॅडम,
कायले डोकं खपवून राहिल्या.

मग गोळीबार चौकामागे, मोरेश्वर धकाते.
शटरवर पाटी नाही. आत बटाल्याचं जुनं लेथ
आणि एक कूलर, ज्याच्या खसालाही ग्रीसचा वास.
घरात पूर्वी माग होते.
बापाचा धोटा खिळ्याला टांगलाय,
त्यावर तो चष्मा अडकवतो.

चाक उतरलं, हब उतरला, दोन मोठे नट,
स्पिंडलचे सहा बोल्ट.
स्पिंडल निघेना.
त्याने लाकडी ठोकळा धरला, भोवतीने ठोकत गेला,
हळू, फार हळू,
पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचा खांदा शेकतात
तसा हात.

निघाल्यावर म्हणाला, बोट घाला आत.
मी घातलं.
गोल हवं तिथे अंडं.
वरच्या अंगाला बुश जाड, खालच्या अंगाला कागद.
शाफ्ट खाली बसलेला, सील एकाच बाजूने खाल्लेलं,
आणि ग्रीसच्या जागी कन्हानच्या रेतीचं
काळं कालवण.

मी कुठेतरी वाचून आले होते. म्हटलं, निडल बेअरिंग टाकू.
"सुया?"
तो पहिल्यांदाच हसला.
"नदीत घालता गाडी. सुया गंजतात बाई.
गनमेटलचा करू. कंपनीच्या बुशापेक्षा दीडपट लांब,
आत ग्रीसले नागमोडी चर."

पहिला बुश बिघडला तो माझ्यामुळे.
घट्ट हवा, मी म्हटलं, तिळाएवढाही प्ले नको.
तो काही बोलला नाही. करून दिला.
गोरेवाड्याच्या कच्च्या रस्त्यावर, दुपारी दोनला,
पंचेचाळीस डिग्रीत,
चाकातून जळक्या ग्रीसचा वास आला
आणि गाडी मोडल्या मानेसारखी डावीकडे ओढू लागली.
दोरी बांधून आणली.
शाफ्टवर निळा डाग पडला होता, तो त्याने अंगठ्याने पुसून पाहिला.
"सांगितलं का नाही मला?"
"तुम्ही आयकून कुठी राहिल्या होत्या?"

दुसऱ्या बुशाला पूर्ण दिवस लागला.
पोट्ट्याने लेथखालचा सोनेरी चुरा डब्यात भरला,
तोलून विकायला.
"दोन थाऊ सोडतो," धकाते म्हणाला.
दोन थाऊ म्हणजे किती ते मी विचारलं.
त्याने डोक्यावरचा एक केस उपटला,
मायक्रोमीटरच्या जबड्यात धरला,
चष्मा धोट्यावरून काढून वाचलं.
"हा तीन. याच्याहून कमी."
मग केस फुंकून टाकला.
तसेही फार उरले नव्हते.

शनिवारी पहाटे कन्हानच्या रेतीत घातली.
फोर-व्हील टाकलं. सुपारी बंद.
इतकी शांतता की घड्याळ ऐकू यावं,
डॅशबोर्डवरचं, जे कधीचं बंद आहे.
मी खापरखेड्यापर्यंत गुणगुणत आले,
आणि तिथे, फाटकाजवळ,
मागून, गिअरबॉक्सच्या आसपास,
बारीक, दातात काडी घातल्यासारखं काहीतरी.

फोन केला.
"तो जुनाच आहे," तो म्हणाला.
"सुपारीमुळे आयकू येत नव्हता."
आणू का उद्या?
फोनमध्ये मागे काहीतरी घरघरत होतं.
"पंधरा दिवसांनी आणा.
सध्या माह्या लेथचंच बेअरिंग
आवाज करून राहिलं."